कासमुरीच्या धुराचं उत्तर

तुकिरान यांनी दोन कागद टेबलावर पसरले आणि ते उडू नयेत म्हणून वर साखरेची बरणी ठेवली.

"गल्लीप्रमुख म्हणून मला तीन दिवसांत उत्तर द्यायचंय," ते सुनेला म्हणाले. "तू कॉलेजात शिकलेली. नीट लिहून दे."

कागद पाहताच विलुजेंगने ते ओळखले. तक्रार तिचीच होती. कासमुरीच्या टोफू कारखान्यात भट्टीत लाकडाऐवजी प्लॅस्टिकचा कचरा जाळतात, आठ महिन्यांच्या बाळाची छाती घरघरते, असं तिने सरकारी अ‍ॅपवर लिहिलं होतं. नाव लपवायच्या चौकटीत खूणही केली होती. तक्रार थेट गव्हर्नरच्या कचेरीत पोचली. तिथून जिल्ह्याला, मग तालुक्याला, मग गावाला. प्रत्येकाने 'योग्य कारवाईसाठी पुढे' असा शेरा मारत ती अखेर तिच्याच स्वयंपाकघरात आणून टाकली होती.

नाव कुठेच नव्हतं. फोटो मात्र होता. काळ्या लोटाच्या कडेला तिच्याच खिडकीचे निळे गज दिसत होते. तिने त्यावर हळूच हात ठेवला.

कासमुरी काही परका नव्हता. नणंद त्याच्याकडेच टोफू तळायच्या कामाला जायची. तिच्या बाळाच्या, गालीहच्या, जन्माच्या जेवणाला त्याने स्वतः दोन पाट्या टोफू आणून दिला होता. अशा माणसाला धुराबद्दल तोंडावर कोण बोलणार? बायका फार तर म्हणायच्या, आज वारा आमच्याकडे वळलाय हो. तोही हसून म्हणायचा, वाऱ्याला माझं ऐकायला सांगा की.

"लिही," सासरे म्हणाले, "समोरासमोर बोलणं झालं, प्रश्न मिटला. एवढं लिहिलं की वरचे तक्रार बंद करतात."

"आणि नाही मिटला, असं लिहिलं तर, बापाक?" तिने सासऱ्यांना विचारलं.

"तर तपासणीला माणसं येतात. भट्टी बंद होऊ शकते. ही चौथी तक्रार आहे, पोरी. आधीच्या तिन्हींना मीच 'मिटला' लिहिलं."

म्हणजे आणखी तिघांनी तक्रार केली होती. कोणी, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही.

तिच्या खांद्यावर गालीहला ठसका लागला. खोकला थांबला, पण घरघर थांबेना. तुकिरान मान खाली घालून ती ऐकत राहिले. मग त्यांनी पिशवीतून एक कोरा कागद काढला, तळाशी सही केली आणि शिक्का दोन्ही हातांनी दाबून उठवला.

"मजकूर वर लिही. जागा भरपूर आहे."

"वाचून नाही का बघणार?"

"चष्म्याशिवाय मला काही दिसत नाही."

चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. तिची नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली. खिशाचं बटण लावलं, चपला चढवल्या आणि कासमुरीकडे कॉफी प्यायला निघून गेले.