ओढतोय ना, मग झालं

तीस वर्षं पंख्यांची आणि मोटरींची कामं केली आहेत मी. संस्थेच्या देखभाल खात्यात माझ्या पक्कडीला हात लावायची कुणाची छाती नाही. आणि मोटरीच्या बाबतीत मला कुणी अक्कल शिकवली की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

त्यात अक्कल शिकवणारी माझीच लेक असेल तर विचारूच नका. ती याच संस्थेत रसायनांच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. दुसरा मजला, हूड नंबर तीन. हूड म्हणजे काय, तर काचेचं दार असलेलं एक मोठं कपाट. दार खाली-वर सरकतं. ते हातभर उघडायचं, आत हात घालून काम करायचं, आणि गच्चीवरचा पंखा कपाटातली हवा पाइपातून सतत वर ओढत राहतो. म्हणजे खोलीतली हवा आत शिरत राहते आणि आतली वाफ माणसाच्या नाकाकडे येत नाही. लोकांना वाटतं काच वाचवते. काच शिंतोड्यांपासून वाचवते हो, वाफेपासून वाचवते ती आत शिरणारी हवा.

दोन आठवड्यांपूर्वी तीन नंबरच्या पंख्याची मोटर जळाली. हूडच्या मोटरी बदलायला एरवी बाहेरची माणसं येतात. या वेळी मी साहेबांना म्हटलं, बाहेरची कशाला, मी काय मेलोय? आणि एका सकाळी गच्चीवर जाऊन नवी मोटर बसवली. खाली येऊन हूडच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरली, ती आत ओढली गेली. ओढतोय ना, मग झालं. वहीत सही ठोकली आणि चहाला गेलो.

त्या दिवसापासून लेकीचं डोकं दुखायला लागलं.

रोज घरी आली की कपाळ धरून बसायची. म्हणायची, बाबा, हूड नीट ओढत नाही, मला वास येतो. मी म्हणायचो, मोटर मी बसवली आहे. ती म्हणायची, ते मला माहीत आहे, पण वास येतो. तिची आई म्हणाली, एकदा बघून तरी या, काय झिजणार आहात का? मी दोघींवर डाफरलो. नाचता येईना अंगण वाकडं, असंसुद्धा म्हणालो पोरीला. आता ते आठवलं की स्वतःची जीभ हासडून टाकावीशी वाटते.

प्रयोगशाळेच्या ज्या प्रमुख आहेत, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांचं मतही माझ्यासारखंच. पोरगी हूडमध्ये बाटल्या कोंबते, दार नको तितकं उघडते, मग वास येणार नाही तर काय? शेवटी त्यांनी तिला स्वच्छ सांगितलं, शुक्रवारी तपासणीवाला येतोय. हूड चांगला निघाला तर दोष तुझ्या हाताचा, आणि हा प्रयोग मी दुसऱ्याला देणार. तीन वर्षं राबली होती पोरगी त्या प्रयोगावर. घरी येऊन तिने हे सांगितलं, आणि मी काय केलं? काही नाही. मी म्हटलं, बघू शुक्रवारी.

शुक्रवारी मी हजर. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण माझ्या मोटरीची तपासणी आणि मी नाही, असं कसं चालेल? खोटं कशाला बोलू, पोरीची बाजू घ्यायला मी गेलो नव्हतो. मोटरीची बाजू घ्यायला गेलो होतो.

तपासणीवाला आला. तरुण, हसतमुख माणूस. याच्याकडे काचेची एक नळी असते, मागचा रबरी फुगा दाबला की पांढरा धूर निघतो, म्हणून आमच्या खात्यात त्याला धूरवाला म्हणतात. त्याने आधी हूडच्या तोंडाशी हवेचा वेग मोजला. सेकंदाला अर्धा मीटर हवा होता, भरला पाव मीटरहून कमी. मी म्हटलं, तुमचं यंत्र बिघडलंय. तो हसला आणि म्हणाला, काका, धूर खोटं बोलत नाही.

मग त्याने धूर सोडला. धूर आत गेला खरा, पण मागे जाऊन घुटमळायला लागला, आणि त्यातला थोडा काचेच्या कडेखालून परत बाहेर डोकावला. धूरवाल्याने लेकीला सांगितलं, तुम्ही रोज जशा उभ्या राहता तशा राहा, हात आत घाला. ती उभी राहिली. त्याने तिच्या दोन हातांच्या मधे धूर सोडला. तो धूर तिच्या कोटावरून वर वर सरकत गेला आणि हनुवटीपाशी पोचला. तो सांगत होता, माणूस समोर उभा राहिला की त्याच्या पोटापुढे हवा गोल फिरते, ओढ दमदार असेल तर ती हवा आत खेचली जाते, नसेल तर आतली वाफ उचलून थेट नाकाशी आणते. मी ऐकत होतो कुठे? मी तिच्या हनुवटीकडे बघत होतो. चौदा दिवस ही पोर काय काय नाकात घेत होती!

आणि मग मला चेव चढला. मी स्वेटर काढून खुर्चीवर फेकला आणि म्हटलं, आता हे भूत मी धरणार म्हणजे धरणारच.

आधी बाटल्या. हूडच्या मागच्या पत्र्याला खाली एक लांब फट असते, हवा तिथून ओढली जाते. त्या फटीसमोर खरंच पाच-सहा मोठ्या बाटल्या होत्या. शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या बाईंनी भुवया उंचावल्या. लेकीने आणि मी मिळून बाटल्या भराभर बाहेर काढल्या. धूर जरा सरळ जायला लागला, पण आकडा होता तिथेच. मग माझं लक्ष खिडकीकडे गेलं. उघडी होती, वारा थेट हूडच्या तोंडावर. लावली. मग वर छताला थंड हवेची जाळी दिसली, तिचाही झोत इकडेच. मी टेबलावर चढून तिच्यावर पुठ्ठा चिकटवला. धूर नाचायचा थांबला. आकडा मात्र जागचा हलेना. धूरवाला प्रत्येक वेळी मोजायचा आणि मान हलवायचा, आणि प्रत्येक वेळी मला आणखी जोर यायचा. लेकीच्या गालावर रंग आला होता. बापलेक किती दिवसांनी एका कामावर होतो, काय सांगू तुम्हाला.

तेवढ्यात ती म्हणाली, दोन नंबरचा हूड मोजा ना. याच मापाचा आहे, पाइपही तितकाच, फक्त पंखा वेगळा. धूरवाल्याने मोजला. अर्ध्या मीटरला जरा जास्तच भरला.

म्हणजे दोष हूडमध्ये नव्हता, वर होता. वर तर माझी मोटर. एरवी मी तिथेच भडकलो असतो, पण चेव असा होता की मी दोन-दोन पायऱ्या चढत गच्चीवर गेलो.

गच्चीवर दहा पंखे एका ओळीत. दोन नंबर सणसणीत वाजत होता, तीन नंबर कण्हत होता. हे मला आधी कसं ऐकू आलं नाही? तीनचा स्विच बंद केला, त्याला माझं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, आणि मोटरीचा पट्टा झाकणाऱ्या जाळीतून पट्ट्याचं चाक थांबताना बघत बसलो. मग दोनकडे बघितलं. पुन्हा तीनकडे. दोन एकीकडे फिरत होता, तीन दुसरीकडे. पंख्याच्या डब्यावर पक्ष्यांच्या घाणीचा थर होता. तो फडक्याने खरवडला, तर खाली लाल बाण. तीन नंबर बाणाच्या बरोब्बर उलटा फिरत होता.

मी खाली बसलोच. कारण माझं डोकं कबूलच करेना. तीस वर्षं मी पात्यांचे पंखे जोडतोय. तो उलटा फिरला तर हवा उलटी येते, लहान पोरालाही कळतं. इथे कागद आत ओढला जात होता, म्हणजे पंखा सरळच असणार, हाच माझा हिशेब होता. पण हा पात्यांचा पंखा नव्हता. याच्या डब्यात पिंजऱ्यासारखं चाक असतं. ते कुणीकडेही फिरवा, हवा मधून घेतं आणि कडेने बाहेर फेकतं, आणि डब्याला बाहेर जायची वाट एकच. म्हणजे उलटा फिरला तरी हवा त्याच वाटेने जाते, फक्त निम्मीसुद्धा जात नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बाटल्या, खिडकी, पुठ्ठा, आणि चूक माझ्या स्वतःच्या दोन हातांत.

मोटरीला तीन वायर. त्यातल्या कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की ती उलटी फिरते. दोन स्क्रू सोडले, दोन वायर बदलल्या, आवळलं, कुलूप काढलं, स्विच दाबला. काय आवाज आला म्हणून सांगू. चाक एकदम सुटलं, डबा थरथरला, आणि वरच्या नळकांड्यातून हवा अशी फुसांडत निघाली की पलीकडे टाकलेलं माझं फडकं उडून कठड्यापर्यंत गेलं. मी एकटाच गच्चीवर टाळ्या वाजवत उभा होतो.

जिना उतरताना मात्र दुसरा विचार आला. वर काय झालं हे कुणी बघितलंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. खाली जाऊन म्हणायचं, वायर जरा ढिली होती, आवळली. तीस वर्षांचं नाव आहे. शिवाय काम तर झालंच ना. शेवटच्या पायरीपर्यंत माझं ठरलंसुद्धा होतं.

खाली आलो तर खोलीत आनंदीआनंद. आकडा अर्ध्या मीटरच्या वर. लेक हूडसमोर उभी, हात आत, आणि धूरवाला तिच्या छातीशी, कोपरांशी, काचेच्या कडेशी, जिथे जमेल तिथे धूर सोडत होता आणि हूड तो धूर गटागट पीत होता. एक धागासुद्धा बाहेर येत नव्हता. पोरगी हसत होती. मी म्हटलं, वायर जरा ढिली होती.

मोठ्या बाई तिला म्हणाल्या, बघितलंस? बाटल्या काढल्या, खिडकी लावली, वायरही आवळली गेली. मी तुला शिस्तीचंच सांगत होते. प्रयोगाचं काय करायचं ते मला आता विचार करून ठरवावं लागेल.

आणि माझी लेक, चौदा दिवस डोकं धरून बसलेली माझी लेक, मान खाली घालून म्हणाली की हो, बाटल्या मी ठेवायला नको होत्या, चूक माझी आहे.

माझ्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं.

"बाई, तिची चूक नाही," मी म्हटलं. "वायर ढिली नव्हती. पंखा उलटा फिरत होता. मीच उलटा जोडला होता, मोटर बसवली त्या दिवशी. पाच बाटल्यांनी हूड निम्म्यावर येत नाही."

धूरवाल्याने लिहिता लिहिता पेन थांबवलं आणि विचारलं, असंच लिहू का. मी म्हटलं, असंच लिहा, आणि कुणी जोडला तेही लिहा. मोठ्या बाईंनी त्याचं लिहिणं वाचलं. मग लेकीला म्हणाल्या की प्रयोग तुझाच राहील, आणि आज घरी जा, डॉक्टरांना दाखव, उद्या ये. जाताना दारात थांबून तिची माफी मागितली त्यांनी, हे त्यांचं मोठेपण.

आम्ही दोघंच उरलो. मला वाटलं होतं, खरं बोललो म्हणून पोरगी गळ्यात पडेल. ती बाटल्या पुसत राहिली.

"चौदा दिवस मी तुम्हाला सांगत होते, बाबा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुम्ही मोटरीचं ऐकलंत. माझं नाही ऐकलं."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

थोड्या वेळाने तिनेच विचारलं, उलटा फिरूनही तो ओढत कसा होता? मला दाखवा. राग गेला नव्हता तिचा, पण ते ऐकल्यावर तिला राहवेना, बापावर गेली आहे. आम्ही वर गेलो. मी डबा दाखवला, बाण दाखवला, हातवारे करून चाक दाखवलं. तिने एकदाच ऐकलं आणि तिला कळलं. मग ती पंख्यांच्या ओळीने चालत गेली, प्रत्येकापाशी थांबत, मान तिरकी करून ऐकत. सात नंबरपाशी बराच वेळ थांबली.

"याचा आवाज मला बरोबर वाटत नाही," ती म्हणाली.

मी ऐकलं. मला तर आवाज चांगला ठणठणीत वाटला, आणि ती मोटर बाहेरच्या नावाजलेल्या माणसांनी बसवलेली. तीस वर्षांचा कान आहे माझा. हे सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. मी ते गिळलं, खिशातून कुलूप काढलं आणि सात नंबरचा स्विच बंद करायला गेलो.