बंगल्यातली बाई

अंबूबाईंनी पोथीवर फूल वाहिलं, हात जोडले आणि ताटाकडे न वळता पुन्हा भिंतीला टेकून बसल्या.

"आता तुझं ते पुस्तक काढ."

"आज राहू द्या, आत्याबाई. जेवून घ्या आधी," मोहिनी म्हणाली. "शेवट वंगाळ हाय त्याचा."

"वाचाय घेतलेलं अर्ध्यात सोडू न्हाई. काढ."

चातुर्मासात अंबूबाई एकदाच जेवत, तेही वाचन ऐकल्यावर. पंधरा दिवसांपूर्वी सून एकटीच कादंबरी वाचत रडताना दिसली, तेव्हा त्या सहज जवळ जाऊन बसल्या होत्या. एक प्रकरण ऐकलं आणि नेमात अडकल्या.

कादंबरीत समुद्राकाठचा बंगला होता. रोजच्या मेजवान्या, उरलेल्या अन्नाची पोती. नवराबायको एकमेकांना नोकराकरवी निरोप धाडत. घरातलं कुत्रं पोहायच्या तलावात बुडून मेलं आणि दोन दिवस तसंच तरंगत राहिलं; पाहुणे त्याच पाण्याकाठी पीत बसले होते. त्या दिवशी अंबूबाईंना घास गिळवला नव्हता.

"एवढ्या गाड्या दारात, अन् जायाचं कुटंच न्हाई व्हय गं ह्यास्नी?"

"आपल्या बी दारात तीन हायेत की," मोहिनी म्हणाली होती.

पासली गावातली डोंगरउताराची जमीन शहरातल्या लोकांना विकल्यापासून अंबूबाईंच्या मुलानं, इंद्रजितनं, भात लावला नव्हता. जुनं घर पाडून त्यानं संगमरवरी बांधलं. दिवसभर झोपायचं, दिवेलागणीला मित्रांना गाडीत घालून निघायचं. तो आपल्याशी शेवटचं कधी बोलला, हे अंबूबाईंना आठवत नसे. सुनेच्या दंडावरचे वळ मात्र रोज दिसत.

मोहिनी वाचू लागली. बंगल्यातली बाई तलावाच्या काठाशी आली. तिनं चपला काढून शेजारी नीट ठेवल्या.

मोहिनी थांबली. बराच वेळ तिची नजर एकाच ओळीवर खिळून होती.

"वाच की."

"मग... मग ती माघारी फिरली." मोहिनीनं पान उलटलं नाही. ती दाराबाहेर बघत होती. "चपला घातल्या. पिशवीत दोन साड्या भरल्या. सकाळच्या पयल्या यष्टीनं नसरापूरला उतरली. तितनं भोंगवलीला गेली. आईकडं."

मोहिनीचं माहेर भोंगवलीचं. अंबूबाईंच्या हातातली जपमाळ जागच्या जागी राहिली. वरच्या खोलीतून इंद्रजितचं घोरणं ऐकू येत होतं.

"परत आली का मग ती?"

"न्हाई."

"यिऊ बी नये," अंबूबाई म्हणाल्या.

त्यांनी माळ पोथीशेजारी ठेवली. मग अंबूबाईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं,

"अन् तिची सासू? तिचं काय झालं म्हनं?"

मोहिनीनं पुस्तक मिटलं.

"तिचं काय लिवल्यालं न्हाई, आत्याबाई."