ताई, वाट द्या

कारखान्यात तिला सगळे खोकी म्हणत, कारण ती दिवसभर पुठ्ठ्याची खोकी जुळवायची. डोंगरावरच्या आदिवासी वस्तीतून ती शहरात मावशीकडे आली ती पळायला. पण पोट काही मैदानावर भरत नाही. पहाटे पळायचं, मग धापा टाकत कामाला. मुकादम रोज म्हणायचा, "आली बघा वाऱ्याची वरात!" आणि तिला उशिराचा शेरा मारायचा.

यंदाची निवड-शर्यत तिची शेवटचीच. पुढच्या वर्षी तिचं वय बसणार नव्हतं. पहिली येईल तिलाच क्रीडा केंद्रात खोली, खाणं आणि पुढे नोकरी. दुसरीला टाळ्या. आणि खोकीचा दुसरा नंबर कधी चुकला नव्हता.

"चिवट असतात या जंगलातल्या पोरी," निवड समितीचे अध्यक्ष म्हणायचे, "पण जिद्द नाही हो त्यांच्यात."

नव्या प्रशिक्षक बाईंना हे पटेना. त्या तरुण होत्या आणि भयंकर चौकस. सरावाची शर्यत संपली की खोकीचं मनगट धरून घड्याळाकडे बघत बसायच्या.

"पहिली आलेली तिथं आडवी पडलीय, आणि तुझी नाडी बघ! भाजी आणायला गेल्यासारखी. अंगात एवढं शिल्लक होतं, मग पुढे का नाही गेलीस?"

"पुढे ताई होत्या ना."

"कोण ताई?"

"त्या बँकेच्या संघातल्या. माझ्याहून सहा महिन्यांनी मोठ्या आहेत."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं, मग?"

खोकीला यात सांगण्यासारखं काय आहे तेच कळेना. तरी तिनं सांगितलं. त्यांच्या वस्तीची वाट जेमतेम एका माणसाची. एका हाताला कडा, दुसऱ्या हाताला दरी, डोक्यावर मोळी. मागच्या बाईनं न विचारता पुढे घुसायचं म्हणजे पुढचीचा तोल घालवायचा. हाक मारायची, पुढची जागा बघून कडेला सरते, मग जायचं. थोरल्या बाईला धडकून पुढे गेलेल्या पोरीला तिच्या आईनं सगळ्यांदेखत झोडपलेलं खोकीनं पाहिलं होतं.

"पण मैदानात दरी कुठाय?"

"दरी नाही, ताई आहे ना! आणि इथं कुणी हाकच मारत नाही. मला वाटलं, शहरात वाट मागायची रीत नसेल."

बाई आधी हसल्या, मग त्यांच्या ध्यानात आलं. इतकी वर्षं सगळ्यांनी हिच्यात जिद्द नाही असं ठरवून टाकलं आणि विचारलं कुणीच नाही. त्यांनी नियमांचं पुस्तक पालथं घातलं. धक्का मारू नये, आडवं येऊ नये, हे सगळं होतं. बोलू नये, असं कुठेच नव्हतं.

"मग हाक मार," बाई म्हणाल्या. "पण शेवटच्या फेरीत. त्याआधी तोंड उघडलंस तर याद राख."

शर्यतीच्या दिवशी खोकी नेहमीसारखीच बँकेच्या ताईंच्या पाठीला चिकटून राहिली. शेवटच्या फेरीची घंटा झाली. वळण आलं. खोकीनं श्वास भरून घेतला आणि खणखणीत आवाजात हाक मारली, "ताई, वाट द्या!"

बँकेच्या ताई दचकल्या. मागे वळून बघताना आतली रेघ सोडून पाऊलभर बाहेर सरल्या आणि धापांमधून खेकसल्या, "वाट काय माझ्या बापाची आहे? जा की!"

थोरलीनंच सांगितलं म्हटल्यावर प्रश्नच मिटला. खोकी आतून अशी सुटली की प्रेक्षकांत बसलेली मावशी बाकावर उभी राहिली आणि शेजारच्याची टोपी उडवून बसली.

पण निकाल अडला. बँकेच्या ताई पंचांकडे गेल्या होत्या.

"ही माझ्याशी पळताना बोलली!"

"काय बोलली?" पंचांनी विचारलं.

"वाट मागितली."

"मग?"

"मग... मी दिली."

"मग बाई, तक्रार कुणाबद्दल लिहून घेऊ?"

बँकेच्या ताईंनी घुश्शात पाय आपटला. मग त्यांनाच हसू फुटलं. "जाऊ द्या. पण हिला सांगा, मला ताई म्हणू नकोस. म्हातारी झाल्यासारखं वाटतं."

अध्यक्ष हार घेऊन पुढे आले. "मी म्हणतच होतो, पळणं यांच्या रक्तातच असतं!"

"रक्त मागच्या वर्षीही हेच होतं, सर," प्रशिक्षक बाई गोड आवाजात म्हणाल्या. अध्यक्षांना एकाएकी खोकला आला.

खोकीनं मावशीच्या फोनवरून मुकादमाला गाठलं.

"मुकादम, मी पहिली आले. उद्यापासून कामाला येणार नाही."

"पहिली?" पलीकडे मुकादमानं आनंदानं टेबलावर थाप मारली, मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं पण माझी खोकी कोण जुळवणार? असं एकाएकी सोडून जातात होय? सांगून तरी जायचं!"

"सांगतेच आहे की," ती म्हणाली, आणि हार काढायला मावशीपुढे मान वाकवली.