मागणीचा नियम सातव्यांदा

बी.एड.ला अर्थशास्त्र घेणाऱ्या प्रत्येकाचा जीव मागणीच्या नियमावर असतो. बारावीच्या पुस्तकात पुरवठा आहे, राष्ट्रीय उत्पन्न आहे, बँका आहेत, पण शाळेत जाऊन पाठ घ्यायचा म्हटला की आमचा हात आपोआप मागणीच्या नियमाकडे जातो. कारण त्याचा तक्ता तयार मिळतो. आमच्या कॉलेजातला तक्ता काटोलच्या संत्र्यांचा होता. भाव चढत जातो, खरेदी कमी होत जाते, आणि शेजारी डावीकडून उजवीकडे उतरणारी लाल रेघ. सीनिअर तो ज्युनिअरला देतो, ज्युनिअर त्याच्या पुढच्याला. माझ्या हाती आला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात बरीच नावं खोडलेली होती. त्यांच्याखाली मी ऐटीत लिहिलं, दीप्ती रामटेके.

ऐट नुसती वरवरची होती. मागच्या वर्षी वार्षिक पाठात मी नापास झाले होते. पस्तीस मिनिटांचा पाठ मी घाबरून अर्ध्या वेळात संपवला आणि उरलेला वेळ फळ्यासमोर उभी राहिले. परीक्षक म्हणाले, पुढे? पुढे मला काही सुचेना. पोरं माझ्याकडे बघत होती आणि मी पंख्याकडे. त्या पाठापायी माझी पदवी अडली. काटोलच्या एका शाळेत मी तात्पुरती शिकवत होते, तिथल्या मुख्याध्यापकांनी भलेपणाने जागा उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवली. या वर्षी पास झाले तर ती जागा माझी, नाही तर दुसऱ्या कोणाची. घरी आई काहीच बोलत नव्हती. आमच्या घरात आई गप्प झाली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे.

म्हणून या वर्षी मी पाठाचं टाचण असं काढलं की त्यात मुंगीला शिरायला जागा राहू नये. टाचणात डावीकडे आपण काय विचारणार ते लिहायचं आणि उजवीकडे विद्यार्थी काय उत्तर देणार ते. विद्यार्थ्यांचं तोंड पाहण्याआधीच त्यांची उत्तरं लिहून ठेवायची, ही आमच्या प्रशिक्षणाची खासियत. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्हाला अर्थशास्त्राची अध्यापन पद्धती शिकवायचे ते पराते सर. माणूस फार मायाळू, पण टाचणाच्या बाबतीत पोलीस. माझं टाचण त्यांनी चारदा तपासलं, दोनदा फाडलं आणि शेवटी सही करताना बजावलं की परीक्षकांसमोर यातली एक ओळही इकडची तिकडे करायची नाही.

पाठ शहरातल्या नंदनवन भागातल्या एका शाळेत होता, डिसेंबरात. शाळेच्या गेटाशीच एक चुणचुणीत मुलगी मला भेटली. तिचं नाव मिनल, बारावीची मॉनिटर. माझ्या हातातली तक्त्याची गुंडाळी बघून ती समजुतीने हसली आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही टेन्शन नका घेऊ. आम्ही सगळं सांभाळून घेतो." मला इतकं बरं वाटलं की मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. आजकालची मुलं किती समजूतदार, असं मी मनात म्हटलंसुद्धा.

ती मुलं काय सांभाळून घेणार होती, ते मला वर्गात गेल्यावर कळलं. शेवटच्या बाकावर परीक्षक बसल्या होत्या, इंदुताई सोनकुसरे. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या, चष्मा नाकाच्या टोकावर, समोर माझ्या टाचणाची प्रत. त्यांच्या शेजारी माझा वर्गमित्र भूपेश, निरीक्षणासाठी. मी नमस्कार घेतला आणि टाचणातला पहिला प्रश्न विचारला की बाजारात संत्र्यांचा भाव वाढला तर तुम्ही काय कराल. प्रश्न पुरता तोंडाबाहेरही पडला नव्हता आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला की आम्ही कमी संत्री घेऊ. मी दुसरा विचारला. तेच. मी तक्ता उघडलाही नव्हता, तोच पहिल्या बाकावरच्या मुलाने रेघ कोणत्या बाजूला उतरते ते सांगून टाकलं. आज आपण काय शिकणार आहोत ते मी सांगायचं असतं, पण तेही त्यांनीच सांगितलं. मग मिनलने नियमाची व्याख्या सुरू केली आणि वर्गाने ती पाढ्यासारखी म्हटली: इतर परिस्थिती कायम असताना, वस्तूची किंमत वाढल्यास मागणी कमी होते आणि किंमत घटल्यास मागणी वाढते.

त्या वर्षात बी.एड.च्या मुलांनी त्या वर्गात हाच नियम, असाच तक्ता लावून सहादा शिकवला होता. मी सातवी. भूपेशचा पाठही याच वर्गात झाला होता आणि त्याला उत्तम शेरा मिळाला होता. लबाडाने मला एका शब्दानेही सांगितलं नव्हतं. पोरांना बिचाऱ्यांना वाटत होतं की पटपट उत्तरं दिली म्हणजे मॅडमला जास्त मार्क मिळतील.

पंधरा मिनिटांत माझं टाचण संपलं. उरले होते फक्त गृहपाठाचे दोन प्रश्न आणि निम्म्याहून जास्त तास. मागच्या वर्षीचा तो पंखा मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. इंदुताईंनी टाचणाचं शेवटचं पान उलटलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खिडकीबाहेर पराते सर उभे होते, ते हवेत बोटाने लिहून दाखवत होते की गृहपाठ दे, हळूहळू दे, फळ्यावर मोठ्या अक्षरात दे.

मी खडू उचलला. गृहपाठ घालायच्या आधी टाचणात एक ओळ असते, कोणाला काही शंका आहे का. उजवीकडे तिचं उत्तर लिहिलेलं असतं, नाही. ती ओळ मी फळ्याकडे तोंड करूनच म्हटली, कारण त्या प्रश्नाचं उत्तर कोणी देत नाही. मागे वळले तर भिंतीकडच्या तिसऱ्या बाकावर एक मुलगी उभी होती. लांब वेणी, स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढलेल्या. मिनल तिला बसायच्या खुणा करत होती, ती बसत नव्हती. मी तिचं नाव विचारलं. काजल, म्हणाली.

"मॅडम, मले हा नियम कधीच समजला नाही. सगळे म्हणते म्हणून मी बी म्हणते."

मागून कोणीतरी हसलं. मिनल दबक्या आवाजात म्हणाली, "अवं, आज काहून?" काजलचे कान लाल झाले, पण आता सुरू केलंच आहे तर संपवते, अशा बेताने ती बोलत राहिली.

"सहामाहीत मी लिहिलं का भाव वाढला तरी गर्दी वाढते. मले शून्य भेटला. पण वाढतेच नं, मॅडम. माझे बाबा गांधीबागेत साडीच्या दुकानात हाय. लग्नसराईत भाव चढते अन् दुकानात पाय ठेवाले जागा नसते. मंग खोटं कोण हाय, पुस्तक का माझे बाबा?"

खिडकीबाहेर पराते सरांनी दोन्ही हात हलवले. त्यांचा अर्थ मला नीट कळला: हिला शाब्बास म्हण, खाली बसव, गृहपाठ दे. तेवढं केलं असतं तर पाठ टाचणाप्रमाणे पूर्ण झाला असता आणि मी काठावर का होईना पास झाले असते. काटोलची जागा अगदी हाताशी होती. आणि दुसरीकडे ही पोर बाह्या ओढून उभी होती. सहा जण येऊन शिकवून गेले होते आणि तिला घरी जाऊन बापाकडे बघताना प्रश्न पडत होता की हा माणूस खोटं बोलतो की काय. मला एकदम राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही, पण बहुतेक त्या तक्त्याचा. मी खडू खाली ठेवला.

मी तिला विचारलं की तू बाबांच्या दुकानात शेवटची कधी गेली होतीस. ती म्हणाली, तुळशीची लग्नं झाल्यावर, मामेबहिणीच्या लग्नाची खरेदी होती. मग मी म्हटलं की त्या दिवशी तुम्ही जी हजाराची साडी बघत होता, तीच शेजारच्या दुकानात आठशेला असती तर? काजल म्हणाली, "मंग मामी थांबलीच नसती. तिकडेच गेली असती." वर्ग हसला, या वेळी तिच्यासोबत. मी म्हटलं, बरं, आणि सगळ्या बाजाराने मिळून ती साडी दीड हजाराची केली असती तर? ती थांबली. तिला खरंच विचार करावा लागत होता. त्या तासात वर्गात पहिल्यांदाच कोणीतरी विचार करत होतं, आणि मला ती शांतता चक्क आवडली.

"नवरीची घेतलीच असती," ती सावकाश म्हणाली. "मानपानाच्या कमी केल्या असत्या. मावश्यांना हलक्यातल्या."

"पण लग्न तर होतंच ना?"

"हो. लग्न तर होतंच."

"मग बघ. लग्नाला आपण हात लावला नाही. फक्त भाव हलवला. साड्यांचं काय झालं?"

"कमी झाल्या," ती म्हणाली, आणि तिचे डोळे मोठे झाले.

मी म्हटलं की तुझे बाबा जे रोज बघतात त्यात दोन गोष्टी एकदम हलतात. लग्नं येतात आणि भावही चढतो. गर्दी लग्नांनी आणलेली असते, भावाने नाही. उलट त्या गर्दीनेच भाव चढतो. नियम एवढंच म्हणतो की लग्नं जागच्या जागी धरून ठेवा आणि मग एकट्या भावाला हलवून बघा. त्या धरून ठेवण्यालाच पुस्तकात इतर परिस्थिती कायम असताना असं म्हटलंय. खरं सांगायचं तर ते शब्द मी बी.ए.पासून घोकत होते आणि त्यांचा अर्थ मलाही त्या पोरीला सांगतानाच कळला.

काजल खाली बसली. बसताना स्वतःशीच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "म्हणजे बाबा बी खरे अन् पुस्तक बी खरं."

मग कोणी थांबायलाच तयार नव्हतं. एकाने पेट्रोलचं काढलं, एकीने परीक्षेच्या दिवसांतल्या झेरॉक्सचं. प्रत्येक वेळी मी एवढंच विचारत होते की यात काय हलवलं आणि काय धरून ठेवलं. घंटा झाली तेव्हा फळ्यावर गृहपाठाची एक ओळही नव्हती. पराते सर खिडकीतून नाहीसे झाले होते. बहुधा त्यांना बघवलं नसावं.

इंदुताई उठल्या आणि माझ्याकडे न येता वर्गासमोर गेल्या. त्यांनी मुलांना विचारलं की इतर परिस्थिती कायम म्हणजे काय, हे ज्यांना आजच समजलं त्यांनी हात वर करा. आधी एकटी काजल. मग इकडे एक, तिकडे दोन, असं करत जवळजवळ अर्धा वर्ग. शेवटच्या बाकावर भूपेशनेही हात वर केला. उत्तम शेरा मिळालेला माणूस, पण हात वर करायला लाजला नाही, म्हणून मी त्याला माफ केलं.

इंदुताई माझ्याकडे वळल्या. टाचण सोडल्याचे गुण मी कापणार आहे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मी मान हलवली. मग त्यांनी विचारलं की पुढच्या वेळी असंच झालं तर पुन्हा सोडाल का. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण काजल अजून तिथेच बसलेली होती.

"सोडीन, मॅडम."

"मग ठीक आहे. पास आहात. जा, आधी पाणी प्या, चेहरा बघा कसा झालाय."

मी पाणी प्यायला गेले आणि नळाशी उभी राहून रडले. आईला फोन केला. ती आधी गप्प, मग म्हणाली की जेवायला लवकर ये, आणि तेवढ्यावर मला सगळं कळलं. पराते सर भेटले. रागावतील असं वाटत होतं, पण त्यांनी मला बघून फक्त हात जोडले आणि हसले. ज्यांनी मला टाचण शिकवलं त्यांचे उपकार आहेतच. ते इतकं पक्कं पाठ नसतं तर सोडायची हिंमतही झाली नसती. मिनलचेही आहेत. तिने इतक्या प्रेमाने माझा तास पंधरा मिनिटांत संपवला नसता तर काजलला उठायला जागाच मिळाली नसती.

काजल नळाशी बाटली भरायला आली तेव्हा मी तिला म्हटलं की तू आज उभी राहिलीस म्हणून मी शिक्षिका झाले, तुझे आभार कसे मानू ते मला कळत नाही. ती गोंधळून गेली. तिचे कोणी आभार मानायची ती पहिलीच वेळ असावी.

"मले वाटलं तुम्ही रागवान," ती म्हणाली. बाटली भरून वाहू लागली तरी ती उभीच होती. मग तिने हळूच विचारलं, "मॅडम, उद्या बी येता का? पुरवठ्याचं बी माझं तसंच हाय."

उद्या यायचं मला काही कारण नव्हतं. पाठ झाला होता, गुण मिळाले होते, नोकरी मिळाली होती. मी शाळेतल्या अर्थशास्त्राच्या बाईंना विचारलं, एक तास घेऊ का. चाचणी तोंडावर आली म्हणून त्या दिवसभर आम्हा बी.एड.वाल्यांवर वैतागलेल्या होत्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, घ्या.

दुसऱ्या दिवशी मी मोकळ्या हातांनी गेले. मागच्या बाकावर कोणी परीक्षक बसलेलं नव्हतं. मी विचारलं, पुरवठ्याचा नियम कोणाकोणाला समजला नाही? काजलने हात वर करायच्या आधीच मिनलचा हात वर गेला.