सालईपठारचा घाट

कोकिळा सायकल शिकली ती वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आणि शिकवली ती सासूनं. शकुबाईनं स्वतः जन्मात कधी सायकल चालवली नव्हती.

कोकिळा सरकारी नर्स, नुकतीच रुजू झालेली. आष्टी तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी तिचं उपकेंद्र होतं आणि चार गावं तिच्याकडे होती. तीन सपाटीवरची, ती पायी उरकायची. चौथं सालईपठार, घाटाच्या माथ्यावर; तिथं जायचं अजून राहूनच गेलं होतं. १९७९ च्या पावसाळ्यात घाटातल्या ओहोळावरची मोरी वाहून गेली आणि वर जाणारी एकुलती एक एसटी बंद झाली. त्याच पावसाळ्यात वरच्या पोरांना डांग्या खोकला झाला. एक मूल दगावलं. कोकिळाला ते कळलं पंधरा दिवसांनी, बाजाराला उतरलेल्या माणसाकडून. त्या दिवशी ती जेवली नाही.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, लस देतो, पण बर्फाच्या थर्मासात ती दुपारपर्यंतच टिकेल. शिवाय कापूस वेचणीचे दिवस. बाया नऊच्या आत शेतात जाणार, पोरांना पाठीशी बांधून. पायी निघालं तर पोचेपर्यंत गाव रिकामं.

"मंग सायकलनं जाय," शकुबाई म्हणाली.

"मला कुठं येते, आत्याबाई?"

"शिक मंग."

"शिकवणार कोण?"

"मी."

कोकिळा हसली. शकुबाई हसली नाही. "मले चालवता येत नाई म्हणून काय झालं? तुले धरता तं येते ना!"

कोकिळाचा नवरा गुलाब आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. रविवारी घरी आला तो एका मास्तरीणबाईंची जुनी लेडीज सायकल घेऊनच. ब्रेक त्यानं स्वतः बसवून दिले. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या मैदानावर, शाळा सुटल्यावर, सासू-सुनेची तालीम सुरू झाली. कोकिळा सीटवर आणि शकुबाई लुगड्याचा काष्टा आवळून मागं कॅरिअर धरून धावतेय, हे पाहायला गाव कुंपणाशी जमायचं.

"काय व शकुबाई, सुनेले पाडून राह्यली का?" शेजारच्या सुमित्राबाईनं विचारलं.

"पाडीन नाई तं काय करीन! तुह्या सुनेलेई आण उद्या."

पहिले चार दिवस कोकिळा नुसती पडली. सातव्या दिवशी चाकं सरळ धावायला लागली आणि वेग इतका वाढला की शकुबाईला तो झेपेना. तरी तिनं कॅरिअर सोडलं नाही. शेवटी तीच तोंडावर पडली. कोकिळानं मागं वळून पाहिलं तर सासू मातीत पालथी, गुडघे फुटलेले, आणि तिथूनच ओरडतेय, "थांबू नोको! चालली तशी चाल!"

कोकिळा थांबली नाही. मैदानाला तीन फेऱ्या मारून मगच उतरली. उतरता येत नव्हतं हेही एक कारण होतं.

कार्तिकातल्या एका सकाळी, फटफटताच ती निघाली. थर्मास आणि सुयांचा डबा कॅरिअरला सुतळीनं बांधलेला. शकुबाईनं गाठी दोनदा ओढून पाहिल्या आणि एवढंच म्हणाली, "हळू येजो."

पहिला मैल तुरीच्या आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या वावरांमधून होता. थंडी होती, पाय मोकळे चालत होते. तिला वाटलं, उगाच भ्याले. मग रस्ता सागाच्या रानात शिरला आणि पहिल्या वळणाशीच उभ्या चढाचा झाला. पायडल दगडासारखं जड झालं. ती सीटवरून उठून अंगाचा भार टाकून रेटू लागली, तर पदर साखळीत गेला. उतरली. काळा झालेला पदर सोडवून कमरेला खोचला आणि पुन्हा बसली. दुसऱ्या वळणावर पुन्हा उतरावं लागलं. छातीचा भाता झाला होता. अजून नऊ वळणं होती. तिनं थर्मासला हात लावून पाहिला, जणू बाहेरून बर्फ कळणार होता.

वरून एक म्हातारा गाई हाकत येत होता. तानबा त्याचं नाव, सालईपठारचाच. तो थांबला आणि बराच वेळ पाहत राहिला.

"बाई, तुमी सरळ काऊन चढून राह्यल्या?"

"मग कसं चढू?"

"भरल्या गाडीचा बैल पाह्यला नाई का कधी? तो सरळ चढते का? या कडेपासून त्या कडेले, आडवा-तिडवा. रस्ता लांब होते, पण छाती नाई फुटत."

कोकिळानं तसं करून पाहिलं. डाव्या कडेपासून तिरपं उजव्या कडेला, तिथून पुन्हा डावीकडे. मोरी नव्हती म्हणून समोरून गाडी यायचं भय नव्हतं. आणि चाक चालायला लागलं! कासवाच्या गतीनं, पण चालायला लागलं. तिच्या तोंडून आनंदानं आवाज फुटला तशी तानबाची एक गाय बिचकली.

वाहून गेलेल्या मोरीपाशी तानबा तिच्या मागोमाग परत आला. गाई तशाच सोडून त्यानं सायकल खांद्यावर घेतली, ओहोळ ओलांडून पलीकडे ठेवली आणि माघारी गेला. तिनं हाक मारून "बाबाजी, लय उपकार झाले" म्हटलं, तर त्यानं न वळताच हात हलवला.

शेवटच्या तीन वळणांवर ती काय विचार करत होती ते तिला पुढं कधीच आठवलं नाही. एवढंच आठवलं, की एकाएकी पायाखालचं पायडल हलकं झालं, समोर वारा आला आणि रस्ता आडवा पसरला. ती माथ्यावर होती. खाली तिची तिन्ही गावं मुठीत मावतील एवढी दिसत होती. सायकल झाडाला टेकवून ती उभी राहिली आणि रडली, घोटभर पाणी प्यावं तितकाच वेळ.

गावात शिरली तेव्हा बाया निघाल्याच होत्या, पाठीशी पोरं आणि कमरेला कापूस वेचायच्या ओट्या बांधून. सायकलवरची नर्सबाई पाहून सगळ्या जागच्या जागी थांबल्या. त्यांच्यातली एक पिकल्या केसांची धुरपता पुढं आली आणि ओरडली, "वापस चला व! घरातले पोरंई आणा बाहेर!"

एकोणतीस पोरांना सुई टोचली. थर्मासात बर्फाचा एक खडा अजून शिल्लक होता. रडारड ओसरल्यावर धुरपतानं तिला गुळाचा चहा दिला.

"कोणाची सून व तू?"

"शकुबाईची. पायथ्याच्या."

धुरपता खाली बसली. "शकूची? दुष्काळात हा रस्ता झाला नं, तवा मी अन् शकू एका ढिगावर बसून गिट्टी फोडत होतो. आठ महिने. बाकीच्या बाया म्हणत, रस्ता कोणाले पाह्यजे, पोटाले पाह्यजे. शकू म्हणे, नाई व, रस्ता झाला का डाक्टर वर येईन." तिनं डोळे पुसले. "सहा वर्सं झाले. कोणी नाई आलं. आज आली तं तिचीच सून आली."

 येताना धुरपतानं दिलेली सीताफळं कोकिळानं कॅरिअरला बांधली आणि दोन्ही ब्रेक दाबत, खडी चाकाखाली कुरकुरताना ऐकत, घाट उतरली. ओहोळापाशी या खेपेला सायकल तिनं स्वतःच उचलली.

घरी शकुबाई दारातच होती. कोकिळा सायकल लावून तिच्या पाया पडली. सण नव्हता, काही नव्हतं.

"काय झालं व?"

"आत्याबाई, तो रस्ता तुम्ही केला. कधी बोलल्या का नाहीत?"

"काय बोला लागते? तीनशे बायायनं केला." शकुबाईनं सीताफळ दाबून पाहिलं. "धुरपता बरी आहे ना?"

"बरी आहे. तुमच्यामुळं पोचले मी आज."

शकुबाईला असलं बोलणं ऐकायची सवय नव्हती. ती सीताफळ फोडू लागली, अर्धं सुनेच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आठव्या वळणावर गिट्टी टोचते का अजून?"

"टोचते."

"टोचनच. मुकादमाले तवाच म्हटलं होतं, नीट दाब म्हणून."