दुर्मिळ आडनावाचा अध्यक्ष

दातांच्या डॉक्टरला आपल्या दुर्मिळ आडनावाचा भारी माज. हे आडनाव म्हणजे सेनापतींचं रक्त, असं तो पेशंटच्या तोंडात मशीन घालून सांगायचा. बिचारा पेशंट नाही म्हणणार कसा! जगभरच्या आडनावबंधूंचं संमेलन भरवून अध्यक्ष व्हायचं, म्हणून त्याने पेपरात जाहिरात दिली, मोठा हॉल घेतला. आला फक्त धाकटा भाऊ, जिन्यात चपला कुणी ठेवायच्या यावरून बोलणं टाकलेला.

"दादा, अख्खा वंश हजर आहे. घे मतदान."

दोघांनी स्वतःसाठीच हात वर केले. निकाल डॉक्टरसोबत आलेल्या त्याच्या बायकोच्या मतावर आला. डॉक्टरने तिच्याकडे ऐटीत पाहिलं.

"माझं मत भावजींना," ती म्हणाली. "सेनापती म्हणे! पाल दिसली की पलंगावर उभं राहून मला हाका मारता."