फोटो माझा, माल त्याचा

मोहितला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. लोक म्हणतात, झालं गेलं गंगेला मिळालं. त्यांचं मिळालं असेल.

मी उज्ज्वला. आमचं गाव डिंभ्याच्या धरणापलीकडं, डोंगरात. आमच्या खाचरातला तांदूळ मी वीस वर्षं मंचरच्या आठवडे बाजारात विकला. धंदा शिकवला सासूनं, कोंडाबाईनं. घरात तिच्या तोंडाला लागायची सोय नव्हती, पण विकण्यात तिचा हात धरणारी बाई मी पाहिली नाही. ती कधी ओरडायची नाही. गिऱ्हाईक समोर बसलं की पोत्याचं तोंड सोडायच्या आधी विचारायची: घरात खाणारी किती, म्हातारं कोण आहे, भात रोजचा की पाहुण्यांसाठी? मग चार दाणे तळहातावर ठेवून म्हणायची, चावा. भाव सांगायच्या आधी मालाची खोट सांगायची. "नवा हाय, गिच्च व्हईल, पाणी बेतानं घाला." "औंदा पाऊस कमी, दाणा बारीक हाय." मापून झालं की वर एक ओंजळ. खोट आपणच सांगितली की गिऱ्हाईक घरी जाऊन ती शोधत बसत नाही, असं तिचं म्हणणं. मी तसंच केलं, आणि मंचरातली निम्मी शिक्षक मंडळी माझ्याच पोत्यापाशी येऊ लागली.

मोहित महाळुंगे पडवळच्या बागायतदाराचा मुलगा. पुण्यात शिकून आला आणि २००७ साली त्यानं एसटी स्टँडसमोर माडीवर कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. दिवाळीनंतर तो चार बाजार माझ्याशेजारी मांडी घालून बसला. हातात वही. मी काय बोलते, कधी गप्प बसते, ओंजळ मापाआधी टाकते की नंतर, सगळं लिहून घेतलं.

"मावशी, इंटरनेटवर विकणाऱ्यांना हेच जमत नाही," तो म्हणाला. "सगळे नुसते ओरडतात. घ्या, घ्या, घ्या. गिऱ्हाईकाला कोणी काही विचारतच नाही."

मला कौतुक वाटलं. माझ्या डब्यातली भाकरी मी त्याला खाऊ घातली, हे आठवलं की अजून हाताला आग लागते.

त्यानं माझा फोटो काढला. डोक्यावर पदर, हातात सूप. पहिली दोन पोती माझ्याकडून नेली, पुण्यात घरपोच पाठवली आणि म्हणाला, मागणी आली की कळवतो. नंतर आलाच नाही. मला वाटलं, नसेल खपला.

श्रावणात शीलाबाई माझ्यासमोरून न बघता गेल्या. शाळेत शिकवणाऱ्या, माझ्याकडून अकरा वर्षं तांदूळ नेणाऱ्या. पलीकडच्या पालावर तांदूळ घेऊ लागल्या. मी उठून गेले आणि हात धरला.

"बाई, माझं काय चुकलं?"

"माझ्या बहिणीनं पुण्यात तुझा तांदूळ मागवला, उज्ज्वला. अर्धी कणी. वास मारतोय. आणि वर लिहिलंस, एकही खडा निघणार नाही, हमी."

हमी! असं वाक्य मी जन्मात बोलले नव्हते. ज्या बाईला लोक खडा सांगणारी म्हणून ओळखत होते, तिच्या तोंडी हे. माझ्याकडं दुसरं होतंच काय? जमीन थोडी, खाचरं वर चढणीला. एक शब्द होता, तो या पोरानं पुण्यात नेऊन विकला.

मी तशीच माडी चढले. मोहितनं कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं वळवून दाखवला. मी होते त्यात, सुपासकट. खाली माझेच प्रश्न, खाणारी किती, म्हातारं कोण. गिऱ्हाइकानं उत्तरं भरायची, मग कॉम्प्युटर दर महिन्याला त्याला पत्र पाठवणार: काकू, आजोबांचं पोट कसं आहे? ज्यांचे आजोबा वारले त्यांनाही तेच पत्र.

"मोहित, ह्यो तांदूळ कुणाचा?"

"मार्केटयार्डातला. मावशी, तुमच्याकडं पोती तरी किती निघणार? फोटो तुमचा आहे म्हणून तर खपतो."

"आन् कणी?"

तो हसला. "तिथं कोण चावून बघतंय?"

त्याच क्षणी मी ठरवलं की याला आडवा करायचा. पण तिथं भांडले नाही. घरी सासूला सांगितलं तर ती म्हणाली, "भांडू नगं. त्याला मोठं व्हऊ दे. बुटका पडला तर आवाज येत न्हाई." त्या एका गोष्टीत आमचं सासू-सुनेचं जमलं.

शीलाबाईंना मी खरं सांगितलं. त्यांना पटलं. "मी आत्ताच बहिणीला फोन करते," त्या म्हणाल्या. "ती सोसायटीत सगळ्यांना सांगेल."

"आत्ता नगं, बाई," मी म्हणाले. "जरा थांबा."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या, पण थांबल्या. मी रोज वाट बघत होते. मोहितनं गाडी घेतली, मला बरं वाटलं. दुकानात दोन पोरी कामाला ठेवल्या, अजून बरं वाटलं.

दिवाळी झाली आणि तो स्वतः डोंगरात आला. पुण्याच्या एका मोठ्या सोसायटीत विक्रीचा मेळावा होता. बायकांचं एकच म्हणणं, त्या मावशींना घेऊन या. शिवाय तिथं एक मोठा दुकानदार येणार होता, त्याच्याशी बोलणी पक्की व्हायची होती. मोहितनं माझ्यासाठी साडी आणली होती.

"येते की," मी म्हणाले. "पण इकीन माझ्या रीतीनं. मधी बोलायचं न्हाई."

"तेच तर पाहिजे, मावशी!"

त्याच्या वहीत खोट सांगायची रीत होती. पण त्याला ती गोड बोलायची एक तऱ्हा वाटली होती. खोट खरी असते, हे त्या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही.

मी त्याचीच साडी नेसले. सोबत सूप आणि आमच्या नव्या तांदळाची एक पिशवी घेतली. हॉलमध्ये पन्नासेक बायका होत्या, कडेला तो दुकानदार खुर्चीत. मोहित माइकवर सांगत होता की विक्री म्हणजे नातं, ऑनलाइनवाल्यांनी बाजारात बसून शिकलं पाहिजे. टाळ्या पडल्या. मग मी खाली मांडी घातली.

पहिली आली ती चष्मेवाली, पन्नाशीची बाई.

"खाणारी किती, ताई?"

"चौघं. सासरे ऐंशीचे आहेत."

मी मोहितची पिशवी फोडली, दाणे तिच्या तळहातावर ठेवले. "चावा." ती हसत चावू लागली. मी उरलेला तांदूळ सुपात घेतला आणि पाखडायला लागले. शांतपणे. सुपाच्या एका कडेला कणी जमत गेली, जमतच गेली.

"आता खोट सांगते. यात कणी लई हाय, ही बघा. तांदूळ जुनाट हाय, पोत्याचा वास येतोय. आन् ह्यो आमच्या डोंगरातला न्हाईच. फोटो माझा हाय, माल माझा न्हाई."

मोहित धावत आला. "मावशी, अहो, काय बोलताय!"

"रीत हाय, मोहितशेठ. मधी बोलायचं न्हाई, ठरलंय."

मी दुसरीला बोलावलं. पुन्हा तेच. खाणारी किती, चावा, पाखडलं, खोट. तिसरी. चौथी. आवाज एकदाही चढवला नाही. दुकानदार उठून निघून गेला, बायका मोहितभोवती गोळा झाल्या, पैसे परत द्या म्हणून. त्याचा चेहरा पांढरा पडला. खोटं कशाला बोलू, इतका गोड घास मी आयुष्यात खाल्ला नाही.

मग एकीनं विचारलं, "मावशी, तुमचा स्वतःचा तांदूळ आहे का?"

मी माझी पिशवी सोडली. पन्नास बायका पुढं सरकल्या. मी म्हणाले, "नवा हाय, गिच्च व्हईल." तरी हात पुढं आलेच. चष्मेवालीच्या तळहातावर मी दाणे ठेवले. ती चावली नाही.

"तुम्हाला हे कधी कळलं?" तिनं विचारलं.

"काय?"

"तुमच्या फोटोवर दुसराच माल जातोय हे."

खोटं बोलता आलं असतं. "श्रावणात," मी म्हणाले.

"म्हणजे तीन महिने. कुणाला सांगितलं नाही?"

"सांगणार व्हत्या एक बाई. मीच थांबवलं."

"का?"

मी मोहितकडं बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता. तिनंही तिकडं बघितलं, आणि तिला कळलं.

"मी दर महिन्याला मागवत होते," ती म्हणाली. "घरी सगळे म्हणायचे, वास येतो. मी म्हणायचे, ही बाई फसवणार नाही, तोंड बघा हिचं. सासऱ्यांना तोच भात घालत होते."

मला सांगायचं होतं की माझं नाव गेलं, माझी अकरा वर्षांची गिऱ्हाईक बाई माझ्यासमोरून मान फिरवून गेली, तुम्हाला काय ठाऊक. पण तिनं तर काहीच केलं नव्हतं. तिनं फक्त माझ्या तोंडाकडं बघून तांदूळ घेतला होता.

तिनं तळहातावरचे दाणे माझ्या सुपात परत टाकले, हात पदराला पुसला आणि गेली. तिच्यामागं दुसरी गेली. मग बाकीच्या. पिशवी मी जशी नेली तशी परत आणली.